आपल्याला दाणे हवे असतात, मुलाला सोलणं

नमस्कार, श्रोतेहो.

थंडी पडली की आपल्या वडोदऱ्यात खंडेराव मार्केटमध्ये तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. मग घरोघरी लीलवा कचोरीसाठी दाणे सोलायची बैठक बसते. त्या बैठकीत तीन वर्षांचं मूल येऊन बसलं की काय होतं, ते जरा नीट पाहा. ते शेंग हातात घेतं, उलटीसुलटी करतं, भलत्याच बाजूनं दाबतं. कधीतरी शिवण सापडते, शेंग तडकते आणि आत ओळीनं बसलेले दाणे दिसतात. एक दाणा वाटीत, एक तोंडात, एक घरंगळत सोफ्याखाली. लगेच दुसरी शेंग, आणि ती उघडतानाही कौतुक तितकंच. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, "दे बाळा इकडे, मी पटकन करते."

आपल्याला दाणे हवे असतात, मुलाला सोलणं हवं असतं. बालवाडीत रोज मुलांमध्ये वावरताना माझी खात्री पटत गेली आहे की लहान मुलाच्या आनंदाचं मूळ इथं आहे. ते काम उरकत नाही. ते काम करतं.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथली जेमतेम तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवत होती. सगळे बसले की काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. माँटेसरीबाईंनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावलं, तरी तिची मान वर झाली नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं दट्टे मांडीवर घेतले आणि काम पुढे सुरू! बाईंनी मोजायला घेतल्यापासून चव्वेचाळीस वेळा तिनं ते केलं. मग आपणहून थांबली, छान झोप काढून उठल्यासारखी ताजीतवानी. तिला थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

या आनंदात आपण मोठी माणसं दोन वाटांनी शिरतो. एक घाईची, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी बक्षिसाची, आणि ती मला जास्त काळजीची वाटते, कारण ती प्रेमातून येते. १९७३ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांना ते मिळालंही. पण एकदोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय नसताना, हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं, त्यांची आवड जशीच्या तशी होती.

आपल्या गुजरातेत ही जाण जुनी आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं, पुढे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. मुलाला मारू नये हे तर गिजुभाई सांगतच, पण बक्षिसाचं आमिषही दाखवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता आईबाबांनी स्वतःकडे पाहावं. गवई मौलाबक्षांची संगीतशाळा इथं वडोदऱ्यात १८८६ साली निघाली, तेव्हापासून या गावात गाण्यावाजवण्याला तोटा नाही. तरीही किती घरांत सतार गवसणीत पडून आहे! परीक्षा झाली, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि हात थांबला. ती सतार काढा. कोणाला ऐकवायची नाही, व्हिडिओ करायचा नाही, नुसती वाजवायची. आईला स्वतःच्या आनंदासाठी काहीतरी करताना मुलानं पाहणं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणखी एक सांगते. २०१२ साली कॅनडात दोन वर्षांखालच्या मुलांचा एक अभ्यास झाला. मुलांना वाटीत खाऊ दिला, मग त्यांना एका बाहुल्याला खाऊ भरवायला सांगितलं. खाऊ मिळाला त्यापेक्षा तो देताना मुलांचे चेहरे जास्त खुलले, आणि स्वतःच्या वाटीतला देताना सर्वांत जास्त. तेव्हा पोरानं चिकट हातानं अर्धं चघळलेलं बिस्किट तुमच्या तोंडापाशी आणलं, तर "तूच खा राजा" म्हणू नका. खा ते. नकार देऊन आपण त्याचा देण्यातला आनंद काढून घेतो.

मकरपुऱ्याच्या कारखान्यातून दमून घरी येणाऱ्या बापाला सगळी संध्याकाळ देणं जमणार नाही, हे मला कळतं. वीस मिनिटं द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, काय खेळायचं ते मुलाला ठरवू द्या आणि "असं नाही, असं कर" एवढं टाळा. रविवारी कमाटीबागेत गेलात आणि स्वारी फुलांच्या घड्याळापाशीच अडून बसली, तर बसू द्या. संग्रहालयातल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा पुढच्या रविवारी पाहता येईल.

नमस्कार.