'लाँग'चे भाऊबंद

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजी शिकायला लागलं की 'लाँग' हा शब्द अगदी लवकर भेटतो. रस्ता लाँग, दोरी लाँग, सुट्टीही लाँग. पुढे निबंध किंवा अर्ज लिहिताना हा शब्द फार वेळा येतोय असं वाटू लागतं आणि आपण समानार्थी शब्दांची यादी उघडतो. लेंग्दी, प्रोलाँग्ड, प्रोट्रॅक्टेड, एक्स्टेंडेड, इलाँगेटेड. सगळे एका रांगेत बसलेले, म्हणून वाटतं, कुठलाही उचलला तरी चालेल. तिथेच घात होतो. या शब्दांचे स्वभाव फार वेगळे आहेत.

पण आधी मूळ शब्द पाहू, कारण मराठी माणसाची पहिली चूक तिथेच होते. आपल्याकडे दोरी लांब असते आणि स्टेशनही लांब असतं. इंग्रजीत 'द स्टेशन इज लाँग' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, स्टेशनची इमारतच लांबलचक आहे. दूर असल्याचं सांगायला 'फार अवे' किंवा 'डिस्टन्ट' हवं. 'इट्स अ लाँग वे टु द स्टेशन' मात्र बरोबर, कारण तिथे लांबी वाटेची आहे. आपल्या रेडिओतही हेच दिसतं. लाँग वेव्ह म्हणजे लांबवर जाणारी लहर नव्हे. तिथे 'लाँग' आहे ती तरंगलांबी, एक किलोमीटरहून जास्त. १० ते १०० मीटर तरंगलांबीची शॉर्ट वेव्ह वातावरणातल्या आयनांच्या थरावरून परतून दुसऱ्या खंडापर्यंत पोचते.

अंतर आणि काळ या दोन्हींसाठी इंग्रजीला 'लाँग' हा एकच शब्द पुरतो, पण त्याच्या भाऊबंदांना तसं जमत नाही. पीटर मार्क रोझे या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध समानार्थी कोश काढला, तेव्हा शब्द कल्पनांनुसार लावले. त्यात लांबी अवकाशाच्या विभागात गेली आणि दीर्घ कालावधी काळाच्या. म्हणून शब्द निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: मी अंतराबद्दल बोलतोय की काळाबद्दल? 'इलाँगेटेड' फक्त आकाराचा, म्हणजे ताणल्यासारखा लांबट. पान, चेहरा, संध्याकाळची सावली. बैठक कधी इलाँगेटेड नसते.

'प्रोट्रॅक्टेड' फक्त काळाचा, आणि मला या यादीतला सर्वांत बोलका वाटतो. त्याच्या मुळाशी ओढणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. 'ट्रॅक्टर' त्यातूनच आला. प्रोट्रॅक्टेड युद्ध, प्रोट्रॅक्टेड वाटाघाटी, प्रोट्रॅक्टेड खटला. आपण म्हणतो ना, खटला रेंगाळला, वाद चिघळला, तोच सूर इथे लागतो. कुणी आपल्या सुखी सहजीवनाला प्रोट्रॅक्टेड म्हटलं तर ऐकणारा चपापेल.

'एक्स्टेंडेड' मध्ये कुणीतरी ठरवून मुदत वाढवलेली असते: एक्स्टेंडेड लीव्ह, एक्स्टेंडेड वॉरंटी. 'प्रोलाँग्ड' म्हणजे नेहमीपेक्षा जास्त टिकलेलं. औषधाच्या माहितीपत्रकात 'प्रोलाँग्ड यूज' वाचलंत की सावध व्हा, तिथे बहुधा काहीतरी इशारा असतो. 'लेंग्दी' शोभतो भाषणाला, अहवालाला, किचकट प्रक्रियेला, दोरीला नाही. त्यात कंटाळ्याची हलकी छटा आहे. एके काळी ब्रिटनमधले काही चोखंदळ लोक तो अमेरिकन म्हणून नाकारत. आता तिथेही तो सर्रास चालतो. बोलणारा माणूसच पाल्हाळिक असेल तर तो 'लाँग-विंडेड', आणि संपता संपत नाही असं वाटलं की 'इंटरमिनेबल'. हा शेवटचा शब्द जपून वापरावा, कारण त्यात वैताग उघड दिसतो.

वर्षानुवर्षांच्या गोष्टींसाठी आणखी एक फरक लक्षात ठेवा. 'क्रॉनिक' हा काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आला असला, तरी तो वापरतात जुनाट आजारासाठी किंवा जुन्या दुखण्यासारख्या अडचणीसाठी. मैत्री 'लाँगस्टँडिंग' असते. अर्थात भांडणही लाँगस्टँडिंग असू शकतं, तो शब्द बाजू घेत नाही. आणि टिकलं याचं कौतुक करायचं असेल तेव्हा 'लास्टिंग' किंवा 'एंड्युअरिंग'.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की नुसता शब्द पुन्हा आला म्हणून तो बदलू नका. 'लाँग' कुणावर टीका करत नाही, कुणाचं कौतुकही करत नाही. त्याचे बरेचसे भाऊबंद मात्र तुमच्या वतीने मत देऊन मोकळे होतात. ते मत तुमचं नसेल तर 'लाँग'च राहू द्या. तो अगदीच टाळायचा असेल तर सरळ माप सांगा. 'अ लाँग मीटिंग'च्या जागी 'अ थ्री-अवर मीटिंग' लिहा. तिथे 'अवर' एकवचनीच ठेवायचा, 'अवर्स' करायचा नाही.

नमस्कार.