वय राहू द्या, आधी गिटार बघा

नमस्कार मंडळी. चाळिशी-पन्नाशीत हौसेनं गिटार घेतली आणि दोन-तीन महिन्यांत ती कोपऱ्यात गेली, असं पुष्कळांचं होतं, आणि का सोडली विचारलं तर उत्तर ठरलेलं, आता या वयात बोटं वळत नाहीत हो. मला हे उत्तर पटत नाही. वयामुळे थोडा वेळ जास्त लागतो, मान्य, पण बऱ्याचदा दोष वयाचा नसतोच, त्या खोक्याचा असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

तारा फळीपासून किती उंच आहेत, त्याला अ‍ॅक्शन म्हणतात. फळीवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात ते फ्रेट, आणि दोन फ्रेटमधली जागा म्हणजे घर. घरातली मोजपट्टी घ्या, बाराव्या फ्रेटपाशी उभी धरा आणि बघा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर सगळ्यात जाड तार तिथे फ्रेटच्या साधारण २.५ मिलिमीटर वर असावी, बारीक तार २ च्या आसपास. जाड तार ४ निघाली तर ती गिटार विशीतल्या पोरालाही रडवेल, तुमचं काय घेऊन बसलात! दुसरी टेस्ट कॅपोची, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याची. एखादा अवघड जाणारा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा सुरांचा गट, घ्या. पहिल्या घरात कॅपो लावायचा आणि तोच कॉर्ड एक घर पुढे सरकवून धरायचा, आणि तो एकदम सोपा वाटला तर समजायचं की वरच्या टोकाला जो नट, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, असतो त्याच्या खाचा उथळ राहिल्यात. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून त्या नीट करून घ्या, स्वतः कानस घेऊन बसू नका, खाच जास्त खोल गेली की तार फ्रेटवर खडखडते आणि मग नटच बदलावा लागतो.

तारांचंही तेच. पाकिटावर १२ किंवा १० असा आकडा असतो, ती सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. नवीन माणसानं बिनधास्त १० चा सेट लावावा. शिवाय सगळ्या तारा एक सेमीटोन, म्हणजे अर्धा सूर, खाली लावल्या तर ताण जवळजवळ ११ टक्के कमी होतो, ट्यूनरवर दोन मिनिटांचं काम. कोणी म्हणेल ही पळवाट आहे. अहो, ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, वयाच्या १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली उतरवलं, आणि त्या जड आवाजावर हेवी मेटलवाले अजून जगतात. तेव्हा आपण १० चा सेट लावला तर कुणी हसणार नाही.

आता बोटं. फ्रेटची जी धातूची पट्टी असते ना, तिला नटच्या बाजूनं खेटून दाबायचं, तिच्यावर नाही आणि घराच्या मधोमध तर नाहीच. मधे दाबलं की दुप्पट जोर लावूनसुद्धा तार बझ करते आणि माणूस अजून जोर लावतो. किती जोर लागतो ते बघायचं असेल तर बोट नुसतं टेकवा, तार छेडत राहा आणि हळूहळू दाबत जा, आवाज स्वच्छ झाला की थांबा. बस, तेवढाच. बोटांची टोकं दुखणार, काही आठवड्यांत घट्टे पडतात, त्याचं काही नाही. मनगट दुखलं किंवा हात बधिर झाला तर मात्र लगेच थांबा.

आणि एफ कॉर्डच्या मागे, ज्यात एकाच बोटानं सगळ्या तारा दाबाव्या लागतात, पहिल्याच महिन्यात लागू नका, प्लीज. त्यापेक्षा सी आणि ए मायनर घ्या. पहिलं आणि मधलं बोट जिथल्या तिथे राहतं, हलते फक्त अनामिका, पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरातून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात (तारा बारीक तारेपासून मोजायच्या). मग ए मायनरवरून ई, तिथे तोच आकार अख्खाच्या अख्खा एक तार वर, म्हणजे जाड तारेकडे सरकतो. कॉर्ड धरता येणं ही अर्धीच गोष्ट, खरी मेख एकावरून दुसऱ्यावर जाण्यात आहे, आणि ती रोज १५ मिनिटं बसून सुटते, रविवारी तीन तास बसून नाही सुटत.

मोठ्या माणसाची एक खास अडचण असते बरं का, ती म्हणजे कान. आयुष्यभर चांगलं ऐकलेलं असतं, त्यामुळे स्वतःचं वाजवलेलं लगेच खटकतं, आणि कॉर्ड चुकला की हात थांबतो, सॉरी म्हणतो, मागे जातो, पुन्हा सुरू. लहान पोरं असलं काही करत नाहीत, दामटून वाजवतात. तुम्हीही उजवा हात थांबवू नका. चौथी मात्रा संपता संपता डावा हात उचला, उजवा खालीवर चालूच राहू दे, मधे मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू देत, आणि पुढच्या समेला नवीन कॉर्डवर या. एखादं बोट नाही पोचलं तरी समेवर यायचंच. मुरलेले गिटारवालेही घाईच्या जागी असंच करतात, ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही, आणि ठेका तुटला की मात्र गिटारचा ग न कळणाऱ्यालाही लगेच कळतं.