फर्मा गळलेला नाही

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'कीर्तनाचे दोन रंग आणि आजची मिश्र कादंबरी' असा भारदस्त छापलाय. तिकडे येतोच. आधी एका पुस्तकावरचा राग काढू द्या. घरचे आता ऐकत नाहीत.

पुस्तक म्हणजे डेव्हिड मिचेलची 'क्लाउड अ‍ॅटलस'. 2004 ची, बुकरच्या अंतिम यादीतली. भाचा म्हणाला, "मामा, असं काही तुम्ही वाचलेलंच नाही." घेतली. पहिली गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या बोटीवरची रोजनिशी. बरी रंगली होती, आणि चाळीसएक पानांवर वाक्य अर्ध्यातच तुटलं! पान उलटतो तर 1931 साल, बेल्जियम, कुणा संगीतकाराची पत्रं.

आता माझा जन्म गेला बाइंडिंगखात्यात. मी काय समजणार? फर्मा गळलाय, म्हणजे एकत्र दुमडून शिवतात तो पानांचा गठ्ठा. सोळा पानं गेली. संध्याकाळीच अप्पा बळवंत चौक गाठला. दुकानाचं नाव सांगत नाही, बिचारे भले लोक आहेत. मी काउंटरवर शिवण, डिंक, जुळणी यांवर वीस मिनिटं बौद्धिक घेतलं. त्यांनी मुकाट्याने दुसरी प्रत काढली. तिथेही वाक्य तुटलेलं. मी म्हणालो, "अख्खी आवृत्तीच गेली तुमची!" तेव्हा पुस्तकं बांधणारा पोऱ्या हळूच म्हणाला, "काका, ते तसंच आहे. पुढं वाचा."

पुढे वाचलं, तर त्या संगीतकारालाही ती रोजनिशी अर्धीच सापडते आणि तोही चिडतो. म्हणजे लेखकाने माझी दुकानातली फजिती आधीच लिहून ठेवलेली! उरलेला अर्धा भाग त्याला शेवटी कुठे मिळतो? पलंगाच्या पायाखाली. इथे मी दाद दिली. तुम्हीही द्यायला हरकत नाही.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे.' चहा निवतोय, असा त्याचा मराठी अर्थ.)

तर भरभर सांगतो. सहा गोष्टी, सहा तऱ्हा. पहिल्या पाच मध्येच तुटतात, सहावी सलग, मग उलट्या क्रमाने एकेक पुरी होत पुन्हा बोटीवर. आपल्या नारदीय कीर्तनातही असंच परतणं असतं. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. त्यात गाणं आलं, नक्कल आली, कोपरखळी आली. आख्यान संपलं की बुवा मूळ पदावर येतात, आणि तेच शब्द आता वेगळे ऐकू येतात. मधल्या गोष्टीने त्यांना काहीतरी केलेलं असतं. मिचेल परत येतो तेव्हा बोटीवरची रोजनिशी मला होती तशीच भेटली. मध्ये पाचव्या गोष्टीत कोरियातल्या एका कृत्रिम मुलीची एवढी भयंकर जबानी होऊन गेली, तिचा ओरखडासुद्धा नाही. बळी तो कान पिळी, हे सहाही ठिकाणी आहे, कबूल. पण गोष्टींना जोडणारं काय, तर धूमकेतूच्या आकाराची जन्मखूण आणि हातोहात फिरणारे कागद. हा डिंक झाला. शिवण नव्हे.

दुसरं. तिसरी गोष्ट, 1975 सालात घडणारी अणुभट्टीची रहस्यकथा, मुद्दाम रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकासारखी लिहिली आहे. पुढे कळतं, ते चौथ्या गोष्टीतल्या प्रकाशकाकडे आलेलं हस्तलिखित. ही पळवाट मला डाचते. चांगलं जमलं तर लेखकाचं कौशल्य, फसलं तर म्हणायचं, ते तसंच लिहायचं होतं. आणि संगीतकार ज्याला पत्रं लिहितो, तोच मित्र म्हातारा होऊन या रहस्यकथेत येतो. मग रहस्यकथा खोटी तर तो मित्र खरा कसा, ती पत्रं खरी कशी? भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, तीच तर मजा आहे." असेल बुवा.

संपवतो. हवाई बेटावरची सहावी गोष्ट मात्र मी तीनदा वाचली. मोडक्यातोडक्या, घडवलेल्या बोलीत एक म्हातारा सांगत बसतो, आणि मध्ये कुणी तोडत नाही. तेवढी पानं मी सोडवून घेतली, दोऱ्याने शिवली, वर कापडी पाठ घातली. कुणाला हवी तर घेऊन जा. उरलेल्याचं काय केलं ते विचारू नका. आमचा पलंग आता डुगडुगत नाही.