वारा पडला की गलबतं सुटतात

सदाशिव पेठ, दुसरा मजला, रविवार सकाळ. ऑक्टोबरचा उकाडा आहे, सहा माणसं घामाघूम आहेत आणि पंखा बंद. पंखा लावायचा नाही हा इथला पहिला नियम, कारण जेवणाच्या टेबलावर समुद्र पसरलाय आणि त्या समुद्रावर वारा कुठून वाहणार ते फक्त काका, म्हणजे आमच्या खेळाचे पंच, ठरवतात. लक्ष्मी रोडवरून आणलेलं निळं कापड, त्यावर थर्माकोलचा एक ओबडधोबड तुकडा म्हणजे खांदेरी, आणि कोपऱ्यात वाऱ्याची दिशा दाखवणारा पुठ्ठ्याचा एक बाण. या बाणावरून आज तीन वेळा भांडणं होणारेत.

आम्ही चिमुकल्या जहाजांनी जुन्या समुद्री लढाया टेबलावर खेळतो, आणि आजची लढाई आहे 18 ऑक्टोबर 1679 ची. शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, मुंबईच्या इंग्रजांना ते नाकासमोर बघवेना, त्यांनी जहाजं आणून बेट अडवायचा प्रयत्न केला. आणि त्या दिवशी पहाटे महाराजांच्या दौलतखानाच्या आरमारातली चाळीस-पन्नास गलबतं त्यांच्यावर चालून आली.

हे मोठं जहाज इंग्रजांचं रिव्हेंज. 1:1200 स्केल, म्हणजे खरं तीस मीटरचं जहाज इथे अडीच सेंटीमीटर. थ्रीडी प्रिंट करून रंगवलंय, दोऱ्यासुद्धा आहेत. आणि गलबतं? पिस्त्याची टरफलं! आत टूथपिकची डोलकाठी, वर कागदाचं शीड. स्केलच्या मानाने थोडी मोठीच आहेत ती, पण काका म्हणतात तुमचा हिशोब घरी ठेवा.

मी इंग्रजांकडून खेळतोय, कुणीतरी व्हावंच लागतं.

आता यात गंमत अशी की शिडाच्या जहाजांचे जे तयार नियम मिळतात ते ट्रॅफल्गारसारख्या लढायांसाठी लिहिलेले असतात, दोन्हीकडे मोठी जहाजं, रांगा लावायच्या आणि कुशीतल्या तोफा डागायच्या. तसं आम्ही गेल्या वर्षी केलं होतं, 1805 चं ट्रॅफल्गार, इंग्रजांची 27 जहाजं विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश 33, आणि त्या दिवशी खरोखरच वारा इतका मंद होता की इंग्रज सेनापती नेल्सनची जहाजं माणूस चालतो त्या वेगाने शत्रूकडे सरकत होती. आम्ही पण सरकलो, पाच तास, शेवटी भेळ मागवली. पण तेच नियम खांदेरीला लावले तर गलबतं दुसऱ्याच फेरीत संपतात. मग 1679 साली इंग्रज इतके हैराण का झाले? उत्तर वल्ह्यांमध्ये आहे. वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी डुलत बसतं, गलबतं मात्र वल्हवत कुठेही जातात, उथळ पाण्यातूनसुद्धा, आणि रात्री अंधारात इंग्रजांच्या बाजूने निसटून बेटावर सामान पोचवतात.

म्हणून काकांनी नियम स्वतः बसवलेत. हा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा त्रिकोण बघा. रिव्हेंजची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याच्या दिशेला साधारण 67 अंशांपेक्षा जवळ नेता येत नाही, त्रिकोण अडला की जहाज अडलं. गलबतांना त्रिकोण नाही, पण सलग तीन फेऱ्या जोरात वल्हवलं की वर लाल मणी ठेवायचा, माणसं दमली. प्रत्येकाने हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, नाहीतर समोरच्याचं बघून आपलं बदलणारे महाभाग आमच्यात दोन आहेत.

सुरुवात मतलईने, जमिनीकडून हलका वारा. डोव्हर नावाची आमची गुराब (शिडाचं एक लढाऊ जहाज) चौथ्या फेरीत गेली, खऱ्या लढाईत पण ती मराठ्यांच्या हाती लागली होती त्यामुळे मला फार वाईट वाटलं नाही. सहाव्या फेरीला काकांनी फासा टाकला, एक पडला, आणि त्यांनी काही न बोलता बाण उचलून खिशात घातला.

वारा बंद.

"काका, अहो असं कसं?"
"मतलई पडली. खारा वारा यायला वेळ आहे. तोवर पोहे खा."

पोहे खाईपर्यंत अकरा टरफलं माझ्या पिछाडीला येऊन बसली. बरोबर तिथेच, कारण कुशीला तोफा भरपूर, मागे अगदी मोजक्या, आणि मागून आलेला गोळा डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं झोडपत जातो. प्रत्येक तोफेला कापसाचा धूर लावायचा असतो, तो लावता लावता माझी बोटं चिकट झाली. तेवढ्यात काकू आल्या, "अरे उकडतंय किती" म्हणून थेट बटणाकडे हात. सहा जण एकदम ओरडले.

नवव्या फेरीला बाण परत आला, पश्चिमेकडून. रिव्हेंजची शिडं भरली आणि मी निसटलो. इतिहासात रिव्हेंज एकटंच टिकून लढलं, गलबतं नागोठण्याच्या खाडीकडे वळली, पण पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनाच तिथून निघावं लागलं आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आवरताना गलबतं मोजली तर एक कमी. टेबलाखाली बघितलं, कापड झटकलं. ते सापडलं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात, शीड अजून ताठ. काकू म्हणाल्या, मला वाटलं कुणीतरी पिस्ते खाल्लेत.