दोन नकारपत्रं

नमस्कार मंडळी. कुकर उतरवला असेल तर या, जरा जवळ बसा. नसेल उतरवला तर तिथूनच ऐका, मी आवाज मोठा ठेवतो.

आज दोन पत्रांची गोष्ट. अमेरिकेतली. दोन्ही एकाच मुलीला आलेली, दोन्ही नकाराची. पहिल्यात कारण रंग. दुसऱ्यात कारण बाई असणं. एवढं डोक्यात असू द्या, मी पुन्हा सांगणारच आहे.

मुलीचं नाव पॉली मरे. जन्म १९१०, बाल्टिमोरचा. आई लहानपणीच गेली, मग नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला मावशीनं वाढवलं. मावशी शाळेत शिक्षिका. घरात आजी होती, ती जन्मानं गुलाम. आणि आजीचा बाप? ज्या घरची ती गुलाम, त्याच घरचा गोरा मुलगा. अशा कुटुंबांत याविषयी दबक्या आवाजात बोलत.

पहिलं पत्र, डिसेंबर १९३८. पॉलीनं मावशीच्या गावापासून जवळच असलेल्या चॅपेल हिलला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, पुढच्या शिक्षणासाठी अर्ज टाकला. उत्तर आलं : तुमच्या वंशाच्या लोकांना आमच्याकडे प्रवेश दिला जात नाही. आता गंमत बघा. आजीच्या त्या गोऱ्या बापाचा बाप याच विद्यापीठाचा विश्वस्त होता. त्या घराण्यानं विद्यापीठाला जमीनही दिली. म्हणजे घराण्याची जमीन चालली, पणती-खापरपणती चालली नाही.

तर पहिलं पत्र. कारण रंग.

पॉली खचणाऱ्यातली नव्हती. १९४० साली व्हर्जिनियात बसमध्ये मोडक्या सीटवर बसायला नकार दिला म्हणून तिला मैत्रिणीसह अटक झाली. तेव्हा ती गांधीजींचा सत्याग्रह वाचत होती, आणि तुरुंगातही तो करून पाहत होती. मग १९४१ मध्ये ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकायला गेली. हॉवर्ड म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ. इथे रंगाची अडचण नाही. आपलीच माणसं.

पहिल्याच दिवशी एक प्राध्यापक वर्गात म्हणाले, बायका कायदा शिकायला का येतात कोण जाणे, पण आलीच आहे तर चालवून घेऊ. सगळा वर्ग हसला. वर्गात बाई ही एकटीच.

आपलीच माणसं हसली. पॉलीनं त्याला नाव दिलं. काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' म्हणत. पॉली म्हणाली, माझ्या वाट्याला आलाय तो 'जेन क्रो'. म्हणजे जिमचाच बायकांसाठीचा अवतार. मला विचाराल तर नाव ठेवायची ही रीत उत्तम. रंगाचा आणि बाईपणाचा मार असा एकदमच बसतो, त्याला विद्यापीठांत हल्ली 'आंतरछेदिता' म्हणतात. माझ्या दातांत तो शब्द रेकॉर्डिंगला दोनदा अडकला. जेन क्रो म्हटलं की कळतं.

बरं, तर हॉवर्डमध्ये पहिल्या आलेल्याला एक शिष्यवृत्ती मिळायची आणि तो पुढे हार्वर्डला जायचा. रिवाजच होता. १९४४ साली पहिली आली पॉली. वर्गातली मुलं गालात हसत विचारायची, हार्वर्ड तुला घेईल का गं? तिनं अर्ज केला. आणि दुसरं पत्र आलं. हार्वर्डच्या कायदा विभागात प्रवेशाला पात्र असलेल्या लिंगाच्या तुम्ही नाही.

पहिलं पत्र, रंग. दुसरं पत्र, बाई. मुलगी तीच.

आता माझा आवडता भाग. पॉलीनं उलट पत्र लिहिलं. तिच्या म्हणण्याचा गोषवारा असा : महोदय, तुमच्या अटीत बसण्यासाठी मी आनंदानं माझं लिंग बदलून घेतलं असतं. पण त्याचा मार्ग मला अजून कोणी दाखवलेला नाही. तेव्हा तुम्ही तुमचं मत बदलावं, अशी विनंती करण्यावाचून मला गत्यंतर नाही. की दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड आहेत, असं तुमचं म्हणणं आहे?

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! घरात तर माझी बायको 'की दोन्ही गोष्टी' म्हटलं की पुढचं स्वतःच म्हणते. हल्ली असं उत्तर देताच येत नाही, हे माझं दुःख आहे. नकार मेलवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. भांडायचं कोणाशी?

खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिच्यासाठी हार्वर्डला पत्र धाडलं. हार्वर्ड हललं नाही. तिथे बायकांना प्रवेश मिळाला १९५० साली. पॉली कॅलिफोर्नियात, बर्कलीला गेली.

त्या विनोदावर आपण हसतो खरे. पण त्या सुमाराच्या वर्षांत पॉली डॉक्टरांकडे जाऊन विचारत होती, मला पुरुषांची संप्रेरकं द्याल का? स्वतःला बाई म्हणवून घेताना तिला आतून अडखळायला व्हायचं. हे तिच्या मागे, तिच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. तेव्हापासून ते पत्र मी जरा हळू वाचतो.

आता मुद्द्याचं थोडक्यात सांगतो, वेळ सरत आलीय. 'इकडे आड तिकडे विहीर' म्हणायचा मोह होतो, पण म्हणू नका. आड एका बाजूला, विहीर दुसऱ्या बाजूला, मधे उभं राहायला निदान जागा असते. इथे मधल्या जागेतच खड्डा. सेंट लुईसला जनरल मोटर्सच्या कारखान्यातून कपात झालेल्या पाच काळ्या बायका कोर्टात गेल्या. शेवटी भरती झालेल्यांना आधी काढायचं, असा नियम. आणि काळ्या बायकांना मुळात भरती उशिरा केलेलं. १९७६ चा निकाल. कोर्टाचा एकूण सूर असा : बायकांना कंपनीनं घेतलंय ना? घेतलंय. त्या बायका गोऱ्या. मग बाई म्हणून अन्याय नाही. वंशाची तक्रार असेल तर काळ्या कामगारांच्या दुसऱ्या दाव्यात जा. दोन्ही एकत्र करून मागता येणार नाही. याच निकालावर बोट ठेवून किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये तो जीभ अडकवणारा शब्द रूढ केला. पॉलीला तो खड्डा तीस-चाळीस वर्षं आधी दिसला होता.

आणि काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतही तेच. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा. मुख्य भाषणं सगळी पुरुषांची. मोर्चाचे नेते त्याआधी ज्या प्रेस क्लबात बोलायला निघाले, तिथे बायका पत्रकारांना वर गॅलरीत बसवत. पॉलीनं नेत्यांना खरमरीत पत्र लिहिलं. पत्र लिहिण्यात तिचा हात कोणी धरू नये.

एक राहिलंच. चॅपेल हिल. पहिल्या पत्रानंतर चाळीस वर्षांनी, १९७८ साली, त्याच विद्यापीठानं पॉली मरेंना मानद पदवी देऊ केली. तोवर त्या वकील, प्राध्यापक आणि वर्षभरापूर्वी धर्मगुरूही झालेल्या. आधी त्यांनी होकार दिला. मग कळलं की तिथली विद्यापीठं वर्णभेद मोडण्याच्या सरकारी योजनेला अजून खळखळ करताहेत.

त्यांनी नकार कळवला.

पुढच्या बुधवारी, याच वेळी. आता बातम्या ऐका.