मतपेटीआधीची लोकशाही

मंडळी, नमस्कार.

आज लोकशाही म्हटलं की मतपेटी आलीच. इसवी सन पूर्व चौथ्या शतकातल्या अथेन्सच्या नागरिकाला मात्र हे पटलं नसतं. त्याच्या लेखी लोकशाहीची खरी खूण होती सोडत. कारभार पाहणारं पाचशे जणांचं मंडळ वर्षभरासाठी सोडतीनं ठरायचं. न्यायनिवाड्याला बसणारेही तसेच. त्यासाठी खाचांच्या रांगा असलेली एक दगडी पाटी असे. खाचांत नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या बसवायच्या आणि बाजूच्या नळीतून एकेक गोटी सोडायची. पांढरी आली तर ती अख्खी रांग कामाला, काळी आली तर घरी. पैसा, घराणं, वक्तृत्व यांचा तिथे काही उपयोग नसे. सेनापतींसारखी मोजकी पदं तेवढी मतदानानं भरत. अॅरिस्टॉटलनं तर स्पष्ट नोंदवलंय की सोडत लोकशाहीची मानतात आणि निवडणूक मूठभरांच्या सत्तेची.

पण या ‘लोकां’त स्त्रिया नव्हत्या, गुलाम नव्हते. हे विसरून अथेन्सचे गोडवे गाणं मला मान्य नाही.

पुढे 1787 मध्ये अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून तिच्या शिल्पकारांपैकी एक असलेले जेम्स मॅडिसन लिहीत होते, तेव्हा लोकशाही त्यांना अस्थिर आणि भांडणांनी पोखरलेली वाटत होती. त्यांना हवं होतं निवडलेल्या प्रतिनिधींचं प्रजासत्ताक. गंमत नव्हे, इतिहास आहे हा: ज्या व्यवस्थेला ते लोकशाहीहून वेगळी म्हणत होते, तिलाच आज आपण लोकशाही म्हणतो! आणि त्या व्यवस्थेतही ‘लोक’ कोण, हे भांडूनच ठरत गेलं. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना मताचा हक्क 1893 मध्ये मिळाला, स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर थेट 1971 मध्ये. तोवर स्वित्झर्लंड स्वतःला लोकशाहीच म्हणवत होतं.

आता सोडत पुन्हा डोकं वर काढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. आयर्लंडनं 2016 मध्ये 99 सामान्य नागरिक यादृच्छिक पद्धतीनं निवडून नागरिक सभा भरवली. गर्भपातासारख्या नाजूक प्रश्नावर त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, आपसांत चर्चा केली आणि शिफारशी दिल्या. ही माणसं कुणाला उत्तरदायी, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्तच आहे. पण तिथे घटनेतली गर्भपातबंदी उठवायची की नाही, हा निर्णय सभेच्या हाती नव्हताच. मे 2018 मध्ये सार्वमत झालं आणि सुमारे 66 टक्के मतं बदलाच्या बाजूनं पडली.