सांस्कृतिक देवाणघेवाणीचं फळ उशिरा का मिळतं?

नमस्कार. १९५८ साली मॉस्कोहून काही विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शीतयुद्ध ऐन भरात होतं. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी विद्यार्थी, संशोधक आणि कलाकार एकमेकांकडे पाठवण्याचा करार केला होता.

(पडद्यावर: कोलंबिया विद्यापीठाचं जुनं छायाचित्र)

त्या तुकडीत अलेक्झांडर याकोव्लेव्ह होते. महायुद्धात जबर जखमी झालेले, कम्युनिस्ट पक्षाचे निष्ठावान कार्यकर्ते. वर्षभर शिकून ते मायदेशी परतले. अमेरिकेच्या प्रेमात पडून? अजिबात नाही. पुढची कित्येक वर्षं त्यांनी अमेरिकेवर सडकून टीका केली. १९६५ साली कुणी हिशेब मांडला असता, तर ही शिष्यवृत्ती सरळ तोट्याच्या खात्यात गेली असती.

आता पुढे चला. १९७३ पासून दहा वर्षं ते कॅनडात राजदूत होते. १९८३ मध्ये सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह शेतीची पाहणी करायला तिथे आले आणि दोघं आपल्याच देशात काय बिघडलंय, यावर मोकळेपणाने बोलले. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. सोव्हिएत वर्तमानपत्रांची आणि लेखकांची तोंडं उघडणारं ‘ग्लासनोस्त’ नावाचं धोरण आलं, आणि त्याच्या शिल्पकारांमध्ये याकोव्लेव्ह यांचं नाव अगदी वर घेतलं जातं.

कोलंबियातल्या त्या एका वर्षाने सोव्हिएत संघ बदलला, असं मी म्हणणार नाही. अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती, अफगाणिस्तानात युद्ध चालू होतं. पण बदलाची वेळ आली तेव्हा निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत दुसरा समाज आतून पाहिलेला माणूस हजर होता. देवाणघेवाणीचा खरा फायदा मला इथे दिसतो. आपलं कौतुक करणारे लोक परदेशात तयार झालेच पाहिजेत असं नाही. तुलना करू शकणारी माणसं तयार झाली, तरी पुष्कळ.

त्याच तुकडीत केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचे ओलेग कालुगिनही होते, विद्यार्थी म्हणून आलेले. म्हणजे सरकारांना वाटणारी भीती काही खोटी नव्हती. तरीही दार उघडं ठेवलं गेलं, आणि ते बरं झालं.

आता जर्मनी आणि फ्रान्सकडे वळू, कारण इथे देवाणघेवाण हजारो घरांपर्यंत पोहोचली.

१८७० ते १९४५ या काळात हे दोन देश तीनदा एकमेकांशी लढले. एकाच कुटुंबात आजोबा, वडील आणि मुलगा तिघांनीही समोरच्यावर बंदूक रोखली, हे सहज शक्य होतं. आणि युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती, तेव्हा १९५० साली जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधलं माँबेलियार या दोन शहरांनी भगिनी शहरांचं नातं जोडलं. जखमा ओल्या असताना शेजाऱ्याशी हात मिळवायचा, याला केवढी हिंमत लागली असेल! आज अशा जोड्या दोन हजारांवर आहेत.

२२ जानेवारी १९६३ ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये मैत्री करारावर सह्या केल्या. त्यातून त्याच वर्षी एक संयुक्त युवा कार्यालय उभं राहिलं. दोन्ही सरकारांनी पैसे घालायचे आणि मुलांना एकमेकांकडे पाठवायचं. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण यातून गेले आहेत. काही जण शाळेच्या सहलीला, काही जण खेळाच्या शिबिराला, आणि कितीतरी जण थेट समोरच्या देशातल्या कुटुंबात राहायला. यजमान कुटुंबाला मी मुद्दाम महत्त्व देते. ज्यांना प्रवासाला जाता येत नाही, त्यांच्याही घरात यामुळे दुसरा देश येऊन राहतो.

२००३ मध्ये, या कराराच्या चाळिसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये दोन्ही देशांचे विद्यार्थी जमले आणि त्यांनी दोघांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक मागितलं. २००६ मध्ये पहिला खंड आला. एकच मजकूर, दोन भाषांत. पाठ्यपुस्तकातल्या एकेका वाक्यावरून देशादेशांत किती भांडणं होतात, हे आठवलं की या पुस्तकाचं मोल कळतं.

मग जाणाऱ्या माणसाला काय मिळतं? भाषा, पदवी, नोकरीची संधी, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोक तुम्हाला तुमच्याच देशाबद्दल प्रश्न विचारू लागतात. तुमच्याकडे असं का करतात? हा कायदा असा का? आणि लक्षात येतं की आपण याचा कधी विचारच केला नव्हता. मग आपण शोधतो, वाचतो, घरी फोन करून विचारतो. परक्या देशात गेलेला माणूस आपल्या देशाचा अभ्यास तिथे सुरू करतो.

यात एक अन्याय आहे आणि तो मला सलतो. विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी युरोपातली इरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुमारे ३,२०० विद्यार्थ्यांपासून सुरू झाली आणि आज प्रचंड वाढली आहे. पण शिष्यवृत्तीत सगळा खर्च भागत नाही, त्यामुळे सधन घरातली मुलं जास्त जातात. ज्याला नवं जग पाहण्याची सर्वाधिक गरज, तोच मागे राहतो. पैसा वाढवायचा तर आधी इथे वाढवावा.

आणखी एक. संस्कृतीचा वापर निव्वळ जाहिरातीसाठी केला, की ती अंगाशी येते. १९५०च्या दशकात अमेरिकी सरकार जॅझ कलाकारांना जगभर पाठवत होतं. पण १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरातल्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नाकारला जात असताना प्रसिद्ध कृष्णवर्णीय जॅझ कलाकार लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे सोव्हिएत दौऱ्यावर जायला नकार दिला. घरात अन्याय चालू असताना बाहेर कुठल्या तोंडाने गायचं? त्या नकारानेही जगाला अमेरिकेबद्दल खरं तेच सांगितलं.

तुम्ही स्वतः एखाद्या योजनेसाठी अर्ज करणार असाल, तर माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. मुक्काम किती महिन्यांचा आहे? राहायचं स्थानिक लोकांसोबत, की आपल्याच देशातल्या मुलांच्या वसतिगृहात? आणि तिकडून इकडे कुणी येतं का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेल, तर आयोजकांना कारण विचारा, आणि पुढच्या वर्षी तिकडून येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या घरी ठेवून घ्यायची तयारी आहे, असं त्यांना लिहून कळवा.